माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम पुन्हा हातात घेताना: सेल, डोळे, अंगठा आणि घरातली लहान मुले

दिवाळीची साफसफाई सुरू आहे. मेहरूणमधल्या एखाद्या घरात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते आणि तिच्यातून आखातातल्या मामांनी १९८० च्या दशकात आणलेला हातातला व्हिडिओ गेम निघतो. वडील खूश होतात. नवे सेल टाकतात, काळ्या आकृत्या पडद्यावर हलायला लागतात, घरातले सगळे भोवती जमतात. अर्ध्या तासाने लक्षात येते की जुने दोन सेल सतरंजीवर ठेवले होते, त्यातला एकच उरला आहे. आणि दोन वर्षांचा नातू तिथेच बसला होता.

"बोराची आठोळी गिळली तरी शीवाटे पडतेच ना? सेलही पडेल," असे कुणीतरी म्हणते. मेहरूणच्या बोरांवर वाढलेल्या घरात हा विचार सहज येतो. पण तो चुकीचा आहे आणि मुलाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच हा लेख.

जुने इलेक्ट्रॉनिक गेम जमवणे, दुरुस्त करणे आणि खेळणे हा चांगला छंद आहे. तो सोडा, असे आम्ही सांगत नाही. फक्त ही यंत्रे ज्या काळात बनली, तेव्हा सुरक्षेचे आजचे नियम नव्हते. त्यामुळे काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

हे गेम कोणते आणि त्यांच्या आत काय असते?

आपल्याकडच्या घरांत साधारणपणे चार प्रकार सापडतात.

- हातातले एलसीडी गेम: निन्टेन्डोचे 'गेम अँड वॉच' १९८० ते १९९१ या काळात निघाले. यात एलआर४३ किंवा एलआर४४ प्रकारचे दोन छोटे बटण सेल असतात. झाकण सरकवले की सेल बाहेर येतात, अनेकदा त्याला स्क्रूही नसतो.
- टेबलावर ठेवायचे छोटे आर्केड गेम: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलेको कंपनीने 'पॅक-मॅन', 'गॅलेक्सियन', 'डाँकी काँग' यांच्या छोट्या प्रतिकृती काढल्या. त्यांचा पडदा निळसर-हिरवा चमकतो. आत काचेची निर्वात नळी असते. हे गेम जाड सेलवर किंवा अडॅप्टरवर चालतात.
- ब्रिक गेम: १९९० च्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारे, '९९९९ इन १' असे छापलेले. बहुतेकांना पेन्सिल सेल लागतात.
- टीव्हीला जोडायचे गेम आणि पार्लरमधली मोठी यंत्रे: यांच्यासोबत जुना, पाठीमागे फुगीर असलेला टीव्ही किंवा तसाच पडदा येतो.

सर्वात मोठा धोका: बटण सेल गिळणे

बोराची आठोळी आतड्यातून जाताना काही करत नाही. बटण सेल मात्र ओल्या जागी अडकला की काम सुरू करतो. अन्ननलिकेच्या ओलाव्यातून वीज वाहते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. ती आतली त्वचा जाळते. सेल फुटण्याची किंवा गळण्याची गरज नसते. अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

सर्वात धोकादायक असतो तो २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा चपटा लिथियम सेल, म्हणजे सीआर२०३२. तो आकारामुळे लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो आणि त्याची वीजही जास्त असते. पण गेममधले छोटे सेलही सुरक्षित समजू नका. 'उतरलेला' सेलही सुरक्षित नसतो. गेम चालवायला न पुरणारी वीज ऊती जाळायला पुरेशी असते.

कशी लक्षणे दिसतात?

- लाळ गळणे, जेवण किंवा दूध नाकारणे
- खोकला, घरघर, श्वासाला त्रास
- उलटी, छातीत किंवा गळ्यात दुखणे
- विनाकारण चिडचिड, रडणे

अनेक मुलांमध्ये सुरुवातीला काहीच लक्षण दिसत नाही. सेल हरवला आहे आणि मूल जवळ होते, एवढी शंका एक्स-रे काढायला पुरेशी आहे. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखा गोल दिसतो, पण नीट पाहिले तर त्याला दुहेरी कडा असते. म्हणून डॉक्टरांना "नाणे गिळले असेल" असे मोघम न सांगता "घरात बटण सेल हरवला आहे" असे स्पष्ट सांगा.

लगेच काय करावे?

१. वेळ न घालवता १०८ ला फोन करा किंवा थेट अशा रुग्णालयात जा जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे. जळगावकरांनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा अशी सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. निघतानाच फोन करून सोय आहे का ते विचारा.

२. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गेल्या १२ तासांत गिळला असेल आणि मूल नीट गिळू शकत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे (सुमारे १० मिलिलिटर) मध देता येतो. जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर इजेचा वेग कमी करतो. पण हा इलाज नाही. मध शोधण्यासाठी थांबू नका. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नका.

३. उलटी करवू नका. केळी, भात, पाणी, जुलाब असे काहीही देऊ नका.

४. त्याच प्रकारचा दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट सोबत घ्या.

सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरीही ही तातडीचीच बाब आहे. थेंब टाकू नका, चिमट्याने ओढू नका.

सेल काढल्यानंतर मूल खेळू लागले, म्हणजे सगळे संपले असे नाही. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांतही रक्ताची उलटी, काळी शी, ताप, गिळायला त्रास असे काही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात परत या.

गळलेले सेल: पांढरी पूड आणि हिरवे डाग

वर्षानुवर्षे आत राहिलेले सेल गळतात. उष्णतेने हे लवकर होते. जळगावचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त तापते. म्हणून गेम माळ्यावर ठेवायचा असेल तर सेल काढूनच ठेवा.

अल्कलाइन सेलमधून गळणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचेला आणि विशेषतः डोळ्याला घातक आहे. सफाई करताना:

- रबरी हातमोजे आणि चष्मा किंवा गॉगल घाला. मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा.
- सुकलेली पूड फुंकू नका. ओलसर कापसाने टिपा.
- अल्कलाइन सेलचा खार उरला असेल तर कानकाडीला थोडे पांढरे व्हिनेगर लावून पुसता येते. साध्या स्वस्त झिंक-कार्बन सेलचा द्रव आम्लधर्मी असतो, तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही.
- कापूस पिशवीत बांधून टाका आणि हात साबणाने धुवा.

त्वचेला लागल्यास भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेल्यास लगेच नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा उघडा धरून धुवा आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे जा. आधी धुणे, मग प्रवास. डोळ्यात लिंबू, व्हिनेगर, दूध, तूप यांपैकी काहीही घालू नका.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी

शिसे: जुन्या सर्किटच्या डाखात, म्हणजे सोल्डरमध्ये, शिसे असते. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे हे प्रमाण सर्रास वापरले जाई. युरोपात शिशावर निर्बंध आले ते जुलै २००६ पासून. डाख लावताना निघणारा धूर मुख्यतः राळेचा असतो. त्याने दमा असलेल्यांना त्रास होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. शिसे शरीरात जाते ते बहुतेक वेळा हातावरून तोंडात. काम करताना खाणे, तंबाखू मळणे, विडी ओढणे टाळा. जेवणाच्या टेबलावर किंवा स्वयंपाकघरात हे काम नको. घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, कारण शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो.

वीज: अमेरिकेतून आलेल्या गेमचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर जळतो, आगही लागू शकते. जुन्या फुगीर पडद्याच्या टीव्हीचे किंवा पार्लर-यंत्राचे मागचे झाकण तर घरी उघडूच नका. आत हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

अंगठा आणि मनगट

१९८१ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 'स्पेस इन्व्हेडर्स रिस्ट' नावाचे छोटे पत्र छापून आले. १९९० मध्ये त्याच नियतकालिकात आणखी एक नोंद आली. ३५ वर्षांच्या एका स्त्रीने सलग पाच तास गेम खेळला आणि दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा प्रचंड दुखू लागला. म्हणजे हे दुखणे मोबाइलच्या आधीचे आहे.

जुन्या गेमची बटणे छोटी आणि घट्ट असतात. वेग वाढला की आपण ती गरजेपेक्षा जास्त जोराने दाबतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल आणि कपडे पिळताना किंवा बाळाला उचलताना कळ येत असेल, तर स्नायुबंधाच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. दर १५-२० मिनिटांनी हात मोकळे करा. दुखत असेल तर काही दिवस खेळ थांबवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, बोटे बधिर झाली किंवा हातातून वस्तू निसटू लागली तर डॉक्टरांना दाखवा.

डोळे आणि चाळिशी

एलसीडी गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. लहानपणी खेळलेला गेम पन्नाशीत 'अंधुक झालाय' असे वाटते, तेव्हा अनेकदा चष्मा बदलायची वेळ झालेली असते. भरपूर उजेडात बसा, जवळचा चष्मा लावा, अधूनमधून दूर पाहा आणि पापण्या मिटा. एकाग्रतेत पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. मधुमेह असेल आणि अचानक धूसर दिसू लागले तर मात्र दोष पडद्याला देऊ नका, डोळ्यांची तपासणी करून घ्या.

झटके येणाऱ्यांनी खेळावे का?

फिट येणाऱ्या सर्वांनाच चमकत्या प्रकाशाचा त्रास होत नाही. असा त्रास साधारण शंभरात तिघांना होतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी उघडझाप त्यात जास्त त्रासदायक ठरते. हातातल्या छोट्या एलसीडी पडद्यापेक्षा मोठा, चमकणारा टीव्ही अंधारात जवळून पाहणे जास्त धोक्याचे. रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारून, उजेडाच्या खोलीत, पडद्यापासून लांब बसून आणि पुरेशी झोप झालेली असतानाच खेळावे. डोळ्यांसमोर विचित्र वाटू लागले तर एक डोळा तळहाताने झाका आणि मान वळवा.

फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवा, जवळच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ पाहा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला बोलवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेलच्या झाकणाला चिकटपट्टी लावली तर चालेल का?
पूर्ण भरवसा ठेवू नका. मुले पट्टी काढतात. खेळून झाले की सेल काढून, मोजून, कुलपाच्या कपाटात ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

वापरलेल्या सेलचे काय करावे?
दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळा आणि इतर घरगुती कचऱ्यात न मिसळता ई-कचरा किंवा सेल घेणाऱ्या केंद्रात द्या. जाळू नका, ते फुटू शकतात.

आजोबांनी रोज खेळले तर वाईट आहे का?
मुळीच नाही. नातवाला शेजारी बसवून अर्धा तास खेळणे हा दोघांसाठीही आनंदाचा वेळ आहे. झोप, चालणे, औषधांच्या वेळा आणि माणसांशी बोलणे यांवर गदा येऊ लागली तर मात्र खेळाला मर्यादा घाला.

लक्षात ठेवा

जुना गेम घरात आला की पहिले काम सुरू करून पाहण्याचे नाही. आधी झाकण उघडा आणि सेल किती आहेत ते मोजा. जितके आत होते तितके बाहेर आले का, ते पाहा. एक जरी कमी भरला आणि घरात लहान मूल असेल, तर 'पडेल सकाळपर्यंत' म्हणून वाट पाहू नका. मुलाला घेऊन निघा. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही तर उत्तमच. तो सेल मग सतरंजीखाली निवांत शोधता येईल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष त्रास असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*