काचपट्टी हातात की पडद्यावर?

मंडळातल्या ज्या मुलांना यंदा मेडिकलला प्रवेश मिळाला, त्यांच्या कौतुक समारंभानंतर एका आईने आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, याच्या कॉलेजात म्हणे सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवून दिलेत, सगळं कॉम्प्युटरवरच दाखवतात. मुलाचं नुकसान तर होणार नाही ना?" आम्ही दोघींनी शरीररचनाशास्त्र शिकवण्यात उभी नोकरी घालवली, तरी जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या याचं उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर.

प्रश्न ऊतकशास्त्राचा आहे, म्हणजे मुलांच्या भाषेत 'हिस्टो'चा. यकृत, मूत्रपिंड, त्वचा आतून कशी विणलेली असते, ते पहिल्याच वर्षी पाहायचं असतं. नमुना मेणात बसवून त्याचे साधारण ५ मायक्रॉन जाडीचे छेद काढतात. एका मिलिमीटरात असे २०० मावतील. मग ते काचपट्टीवर घेऊन रंगवतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी.

नव्या पद्धतीत हीच काचपट्टी स्कॅनर तुकड्यातुकड्याने टिपतो आणि तुकडे जोडून एकच प्रचंड चित्र तयार करतो. १५ मिलिमीटर लांब-रुंद छेद पाव मायक्रॉनच्या बारकाईने टिपला, तर ६०,००० गुणिले ६०,००० ठिपके होतात, म्हणजे ३६० कोटी. एवढं चित्र फोनवर उघडतं कसं? मोबाइलवरच्या नकाशासारखं. आपण जो भाग जेवढा मोठा करून पाहतो, तेवढेच तुकडे येतात.

आमच्या पिढीने सूक्ष्मदर्शकाचे हाल पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे जुनं ते सोनं असं आम्ही म्हणणार नाही. विद्यार्थी दहा मिनिटं डोळा लावून बसायचा आणि आनंदाने हवेचा बुडबुडा पाहत असायचा. त्याला नेमकं काय दिसतंय ते आम्हाला कळायला मार्ग नसे. त्याला उठवून आपण डोळा लावावा, तर तेवढ्यात काच सरकलेली. घाईने ४० पटीचं भिंग खाली आणलं की 'कट्ट' आवाज, काचपट्टीचे दोन तुकडे. रंग उडत जायचे. शंभरेक मुलांना सारखीच चांगली स्लाइड मिळणं तर अशक्यच. आणि मुलं हुशार! कोपरा उडालेली स्लाइड थायरॉइडची, शाईचा डाग असलेली प्लीहेची, अशा खुणा वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जात. परीक्षेत 'स्पॉटर'ची घंटा वाजायच्या आत भिंगात न पाहताच उत्तर लिहून मोकळी.

पडद्यावर हे प्रश्न सुटतात. सगळ्यांसमोर तीच उत्तम स्लाइड असते, बोट ठेवून बोलता येतं, दोन मुलं एकमेकांशी वाद घालू शकतात. रात्री घरी उजळणी होते. २०२० च्या टाळेबंदीत तर हाच एक आधार होता. ठिकठिकाणच्या अभ्यासांतही पडद्यावर शिकलेली मुलं परीक्षेत मागे पडलेली दिसली नाहीत. काही ठिकाणी किंचित पुढेच होती.

पण त्या परीक्षांत विचारतात ते 'हे काय आहे?' आमची काळजी तिथेच आहे. स्लाइड कोणीतरी निवडलेली, स्वच्छ, उत्तम रंगलेली, आधीच फोकस केलेली. शोधण्याचं काम दुसऱ्याने करून ठेवलंय. बहुतेक वेळा स्कॅन एकाच पातळीवर होतो. ४० पटीच्या भिंगाखाली एका वेळी जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपासची खोली स्पष्ट दिसते, म्हणून बारीक स्क्रू हलवत पेशीच्या वरून खालपर्यंत उतरावं लागतं. घासून पातळ केलेल्या हाडाच्या किंवा चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींच्या जाड छेदात तर एखादा धागा कुठे वर येतो नि कुठे बुडतो, ते स्क्रूवर बोट असल्याशिवाय उमगत नाही.

हाच मुलगा पुढे एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल. तिथे तापाच्या रुग्णाच्या रक्ताची काच असेल, रंग जास्त झालेला, वर धूळ. मलेरिया नाही असं म्हणण्याआधी जाड थेंबाची किमान १०० क्षेत्रं तेलाच्या भिंगाखाली पाहावी लागतात. तपासणारा सहसा तंत्रज्ञ असतो हे खरं. पण शंका आली तर डॉक्टरलाच खुर्चीवर बसावं लागतं. डाग कोणता आणि परजीवी कोणता, हे ओळखायची सवय वाईट स्लाइडींवरच लागते.

तेव्हा त्या आईला आमचं उत्तर असं: पडद्यावर शिकू द्या, बिनधास्त. ओळख तिथे लवकर होते. मात्र आठवड्यातून एक तास तरी सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर निघतो का, आणि परीक्षेत एक तरी काच स्वतः लावून दाखवावी लागते का, हे मुलाला विचारा. नसेल, तर त्यानेच दोन-चार मित्रांना घेऊन सरांकडे मागणी करावी. घरी महागडा सूक्ष्मदर्शक घेऊन देण्याची मुळीच गरज नाही.

उलट कोणाच्या माळ्यावर जुना पडला असेल, तर पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरायच्या आत मंडळाच्या वाचनालयात आणून द्यावा. रविवारी सकाळी आम्ही तिथे असतोच. पुसून, आरसा बसवून चालू करून देऊ. कांद्याची पापुद्री आणि थेंबभर आयोडीन आमच्याकडे आहे.