पाटीवरचे ५४० वॅट

सौर पॅनेलच्या पाठीमागे एक छोटी पाटी चिकटवलेली असते. गच्चीवर बसणाऱ्या नेहमीच्या मोठ्या पॅनेलच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात साधारण असे आकडे आढळतात : कमाल शक्ती ५४० वॅट, काहीही न जोडता मिळणारा व्होल्टेज ४९.५ व्होल्ट, दोन टोके थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह १३.८५ अँपिअर आणि तापमान एका अंशाने वाढले की शक्तीत होणारी घट ०.३५ टक्के. सौरतंत्रज्ञानाचा पदवी अभ्यास म्हणजे ही पाटी नीट वाचायला शिकणे, असे म्हणायला हरकत नाही. कारण हे आकडे प्रयोगशाळेतल्या ठरीव परिस्थितीचे आहेत : चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश, सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या दीडपट जाडीतून गाळून आल्यासारखा वर्णपट. महाराष्ट्रातल्या गच्चीवर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच जुळतात. पाटी आणि गच्ची यांच्यातले अंतर मोजण्यातच या अभ्यासाची तीन-चार वर्षे जातात.

पहिला धडा सूर्याच्या जागेचा. यातली परिभाषा पंचांग पाहणाऱ्याला परकी नाही : क्रांती, उन्नतांश, दिगंश, खस्वस्तिक. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, वर्षभरात उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे साडेतेवीस अंशांपर्यंत जाते. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. म्हणून २१ डिसेंबरला भर माध्यान्ही तिथे सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, मेच्या मध्यास नेमका डोक्यावर येतो (हाच शून्य सावलीचा दिवस) आणि जूनमध्ये खस्वस्तिकाच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूच्या, थोडा उत्तरेला सरकतो. घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत, हेही इथेच कळते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८५ अंशांवर, अंशाला चार मिनिटे धरली तर पुण्याचा माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी येतो. कालसमीकरणाची, म्हणजे सूर्याची वेळ वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होते त्या फरकाची, भर घातली की फेब्रुवारीच्या मध्यास तो १२.४९ च्या आसपास जातो आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८ पर्यंत अलीकडे येतो. पॅनेलचा कल आणि दोन रांगांमधले अंतर याच गणितावर ठरते. बऱ्याच ठिकाणी हा भाग दोन तासिकांत उरकून लगेच सेलकडे वळतात. ती घाई पुढे महागात पडते, कारण रांगांची सावली चुकली तर उत्तम सेलही कामाचा राहत नाही.

दुसरा धडा सेलचा. तो खरा भौतिकशास्त्राचा. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला बंधनातून सुटायला १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सुमारे १,१०० नॅनोमीटरहून लांब तरंगलांबीचा प्रकाश तेवढी ऊर्जा देऊ शकत नाही, तो आरपार जातो. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनजवळ गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा असते. पण त्यातूनही इलेक्ट्रॉन एकच सुटतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. एका टोकाला ऊर्जा अपुरी, दुसऱ्या टोकाला वाया. या दुहेरी तोट्याचा हिशेब शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ साली मांडला. एका जंक्शनच्या सेलची तात्त्विक मर्यादा सुमारे ३३ टक्के येते ती त्या हिशेबातून. वर घेतलेले पॅनेल सुमारे २.५८ चौरस मीटरचे असते. म्हणजे त्याची कार्यक्षमता २१ टक्क्यांच्या जवळ. बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांचा १९५४ चा सिलिकॉन सेल सहा टक्क्यांच्या आसपास होता, हे लक्षात घेतले की २१ या आकड्यामागचे कष्ट कळतात.

प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रवाह आणि व्होल्टेज यांचा आलेख काढतात. हा वक्र आधी आडवा चालतो, मग गुडघ्यासारखा वाकतो आणि झपकन खाली येतो. कमाल शक्ती त्या गुडघ्यापाशी मिळते. ४९.५ ला १३.८५ ने गुणले तर सुमारे ६८६ येतात आणि ५४० ला त्यांनी भागले तर ०.७९. हा भरण गुणांक. सेल जितका चांगला, तितका गुडघा काटकोनाच्या जवळ. जोडणी सैल झाली किंवा सेलमधला मालिका रोध वाढला की गुडघा गोलावतो. अनुभवी माणूस आलेखाच्या आकारावरून दोष ओळखतो, आणि ही नजर पुस्तकातून येत नाही.

तापमानाचा धडा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा. पॅनेलच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो : हवा २० अंश, प्रकाश ८०० वॅट आणि मंद वारा असताना पॅनेल ४५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे प्रकाशाच्या ८०० वॅटमागे २५ अंशांची वाढ, आणि १,००० वॅटमागे सुमारे ३१. मे महिन्यात नागपुरात हवा ४२ अंशांवर असेल तर पॅनेल ७३ अंशांवर पोचते. २५ च्या वर ४८ अंश झाले, त्यांना ०.३५ ने गुणले की जवळजवळ १७ टक्के घट. पाटीवरचे ५४० वॅट तिथे ४५० वर येतात. ‘कडक ऊन, भरपूर वीज’ ही समजूत इथे सुटते : पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको.

थंडीची बाजू उलटी, आणि ती धोक्याची. सेल थंड झाला की व्होल्टेज वाढतो, अंशामागे साधारण ०.२७ टक्के. वीस पॅनेल एकापुढे एक जोडली तर पाटीप्रमाणे ९९० व्होल्ट होतात आणि १,००० व्होल्टच्या इन्व्हर्टरला ते चालतील असे वाटते. पण निफाडला डिसेंबरच्या एखाद्या पहाटे पारा पाच अंशांवर आला, तर ऊन पडताच तीच माळ १,०४३ व्होल्ट देते. इन्व्हर्टर जळण्याला तेवढे पुरे. एकोणीस पॅनेल घेतली तर आकडा ९९१ वर थांबतो. डिझाइनच्या पेपरात हे उदाहरण साध्या गुणाकाराचे दिसते, पण त्यात गावातल्या सर्वांत थंड पहाटेचा आकडा माहीत असावा लागतो.

सावलीचे गणित वेगळेच. माळेतला एक सेल झाकला गेला की तो इतरांचा प्रवाह अडवतो आणि स्वतः तापतो. म्हणून पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात; झाकलेला सेल ज्या तृतीयांशात असेल त्याला वळसा घालून ते प्रवाह पुढे नेतात. पाण्याच्या टाकीची बोटभर सावलीसुद्धा एक तृतीयांश पॅनेल बाद करू शकते.

हे सगळे विजेचे झाले. पण भारतात या विषयाची सुरुवात वर्गात झाली ती बरीचशी उष्णतेपासून. आयआयटी मुंबईचे सुहास सुखात्मे यांचे सौरऊर्जेवरचे पाठ्यपुस्तक १९८४ साली निघाले. त्याच्या नावातच उष्णतेचे संकलन आणि साठवण होती. त्याच संस्थेत २०१० साली राष्ट्रीय केंद्र उभे राहिले ते फोटोव्होल्टाइक संशोधन आणि शिक्षणाचे. मधल्या काळात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००० साली फोटोव्होल्टाइकमध्ये अभियांत्रिकीची जगातली पहिली पदवी सुरू केली होती. आज जगभर पसरलेली पर्क सेलरचना मार्टिन ग्रीन यांच्या तिथल्याच गटाची. भारतात अजून बहुतेक विद्यार्थी यांत्रिकी किंवा विद्युत शाखेतला ऐच्छिक विषय म्हणून, नाहीतर बी.व्होक.मधून हे शिकतात. विजेच्या या लोंढ्यात उष्णतेचा भाग मागे पडला, हे नुकसानच आहे. पाणी तापवायला काळा पत्रा, वर काच आणि मागे उष्णतारोधक थर पुरतो. काच प्रकाश आत घेते, पण तापलेल्या पत्र्याचे अवरक्त किरण बाहेर सोडत नाही. शिर्डीच्या प्रसादालयात परावर्तक तबकड्यांनी वाफ करून स्वयंपाक होतो. उष्णताच हवी असेल तिथे आधी वीज करून मग तिची उष्णता करणे हा उधळेपणा आहे, आणि विद्यार्थ्याला तो आकड्यांत दाखवता आला पाहिजे.

शेवटचा धडा वॅटपासून युनिटपर्यंतचा. गच्चीवर अशी सहा पॅनेल बसवली की ३.२४ किलोवॅट होतात. दिवसाला चौरस मीटरमागे साडेपाच युनिट ऊन पडते, म्हणजे १,००० वॅटचे ऊन साडेपाच तास, असे धरले तर पाटीप्रमाणे सुमारे १८ युनिट मिळायला हवेत. ताप, धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांचे तोटे वजा जाता ७५ ते ८० टक्के उरतात. म्हणजे दिवसाला साधारण १३ ते १४ युनिट मिळतात, किलोवॅटमागे चारच्या थोडे वर.