तालमीतला एक-दशांश सेकंद

आषाढ सरत आला की पुण्यात मुठेच्या काठी, पुलांच्या खाली आणि मोकळ्या मैदानांत संध्याकाळी ढोल-ताशांचे आवाज घुमू लागतात. गणेशोत्सव अजून महिना-दीड महिना दूर असतो. ही असते पथकांची तालीम. तालमीला येणाऱ्यांत कॉलेजचे विद्यार्थी असतात, बँकेतले कारकून असतात, इंजिनियर असतात, शिक्षिका आणि गृहिणीही असतात. यांतल्या बहुतेकांचे पोट वाजवण्यावर चालत नाही. दिवसभराचे काम उरकून ही मंडळी हौसेने येतात, कमरेला ढोल बांधतात आणि दोन तास घाम गाळतात.

नव्याने आलेल्या मुलाची पहिल्या आठवड्यातली तक्रार जवळजवळ ठरलेली असते. "दादा, मी ताशा नीट ऐकून वाजवतो, तरी मागे का पडतो?" शिकवणाऱ्याचे उत्तरही ठरलेलेच असते. "अरे, ऐकून वाजवतोस म्हणूनच मागे पडतोस! समोर हात बघ, हाताबरोबर वाजव."

ऐकून वाजवले म्हणून मागे पडले, हे कोडे वाटते खरे. पण हा सल्ला पदार्थविज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहून ठेवावा इतका पक्का आहे. कसा, ते पाहू.

हवेतून आवाज जातो तो सेकंदाला किती मीटर? शून्य अंश सेल्सियसला सुमारे ३३१ मीटर. तापमान एका अंशाने वाढले की हा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पावसाळ्यातल्या संध्याकाळी हवा २५ अंशांची धरली, तर वेग येतो सेकंदाला ३४६ मीटर. आता असे समजा की एका रांगेत २५ ढोल आहेत. ढोल मोठा, त्यात टिपरू फिरवायला जागा हवी, म्हणून दोघांत दीड मीटर अंतर धरू. पहिल्यापासून पंचविसाव्यापर्यंत २४ जागा, म्हणजे ३६ मीटर. ताशावाला रांगेच्या एका टोकाला उभा राहिला, तर त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला ३६ भागिले ३४६, म्हणजे थोडा जास्तच एक-दशांश सेकंद लागेल.

एक-दशांश सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. गाडी पकडताना ते क्षुल्लकच. पण ठेका मिनिटाला १२० मात्रांचा असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. ताशावाला एका मात्रेत चार काड्या मारतो तेव्हा दोन काड्यांमधले अंतर अवघे ०.१२५ सेकंद असते. म्हणजे पहिल्या काडीचा आवाज शेवटच्या ढोलवाल्याला ऐकू येतो, त्या वेळेला ताशावर दुसरी काडी पडण्याच्या बेतात असते! तो बिचारा जे ऐकतो ते खरेच ऐकतो, पण ते आधीचे असते. उलट शिकवणाऱ्याचा वर उचललेला हात त्याला प्रकाशाने दिसतो, आणि प्रकाशाला ३६ मीटर जायला लागणारा वेळ सेकंदाच्या कोट्यंशांत मोजावा लागतो. मोठ्या वाद्यवृंदापुढे छडी हलवणारा संचालक उभा असतो, त्याचेही एक कारण हेच. पथकात ताशे आणि टोल मध्यभागी ठेवले तरी फायदा होतो. मग कोणत्याही टोकाला अंतर १८ मीटर आणि उशीर ०.०५ सेकंद, म्हणजे निम्मा.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. समजा आवाज तत्काळ पोहोचला असता, तरी ऐकून वाजवणारा मागेच पडला असता. कानावर आवाज पडल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतात. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. मग ठोका ऐकून ठोका मारणारा सदैव उशिराच मारणार, नाही का? पण जुना वादक तसा उशीर करत नाही, कारण तो ठोक्याची वाट पाहतच नाही. पुढचा ठोका केव्हा येणार हे त्याचा मेंदू मागच्या ठोक्यांवरून ताडतो, आणि हाताला हुकूम आधीच सोडतो. प्रयोगशाळेत नियमित पडणाऱ्या ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितले तर बहुतेक माणसे ठोक्यावर नव्हे, तर त्याच्या आधी २० ते ५० सहस्रांश सेकंद बोट आपटतात, आणि आपण बरोबर ठोक्यावर आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. वादकांत हा फरक कमी आढळतो. तेव्हा तालमीत मुख्यतः तयार होतो तो हा अंदाज. हाताला फोड येतात, ते फुटतात, बोटांना चिकटपट्टी गुंडाळावी लागते आणि तिसऱ्या आठवड्यात कातडी निबर होते. ते डोळ्यांना दिसते. अंदाज पक्का होतो तो मात्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

आणखी एक अनुभव प्रत्येक पथकाला येतो. ठेका शांतपणे सुरू होतो आणि हळूहळू पळू लागतो. शिकवणारे ओरडतात, "पळू नका, पळू नका!" याला उत्साह कारणीभूत असतोच. पण अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांत गुंफलेल्या टाळ्यांचा ठेका धरायला सांगितला. एकाची टाळी दुसऱ्याला ऐकू जाईपर्यंत किती उशीर व्हावा, हे यंत्राने ठरवता येत होते. उशीर सुमारे ११-१२ सहस्रांश सेकंदांपेक्षा जास्त ठेवला की जोडीचा ठेका मंदावत जाई. ते अपेक्षितच होते. पण उशीर त्याहून कमी केला की ठेका चक्क पळू लागे! १२ सहस्रांश सेकंदांत आवाज जातो सुमारे ४ मीटर. खांद्याला खांदा लावून उभे असलेले वादक या अंतराच्या आतच असतात. म्हणजे जवळ उभे राहून पळणे आणि दूर उभे राहून रेंगाळणे, असे दोन्ही धोके एकाच रांगेत नांदतात. ते सांभाळायला टोलाचा एकसारखा ठोका लागतो. टोल वाजवणे सोपे म्हणून तो कोणाच्याही हाती द्यावा, असे समजणाऱ्या पथकांचे मला नवल वाटते.

जागेचीही गंमत आहे. पुलाखाली तालीम केली की पथक भरदार वाजते आणि मोकळ्या मैदानात तेच पथक फिके वाटते. पुलाचे छत डोक्यावर ५ मीटर असेल तर आवाज वर जाऊन परत यायला १० मीटर, म्हणजे ०.०३ सेकंद घेतो. इतक्या लवकर आलेला परावर्तित आवाज आपल्या कानाला वेगळा कळत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो. पण समोर १७ मीटरांवर दगडी भिंत असेल, तर परत येणारा आवाज ०.१ सेकंद उशिरा येतो आणि वेगळा ऐकू येऊ लागतो. हाच प्रतिध्वनी. नवा मुलगा नेमका त्यालाच खरा ठोका समजून वाजवतो, आणि शेजारचा त्याच्याकडे रागाने पाहतो.

पूर्वी ढोलाची पाने कातड्याची असत. पावसाळी हवेत कातडे ओल शोषून घेई, त्याचा ताण कमी होई आणि ढोल बसका बोलू लागे. मग कागद किंवा गवत पेटवून पाने शेकायची, दोऱ्या आवळायच्या, हा तालमीतला नित्यक्रम होता. ताणलेल्या पडद्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट हवा. दोरी आवळताना दमछाक का होते, ते यावरून कळेल. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पाने आली आणि ओलीचा त्रास गेला. पण साध्या गोल पडद्याच्या एका दोषाला इलाज नाही. त्याच्या वरच्या स्वरांची कंपनसंख्या मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी असते, म्हणून ढोलातून स्पष्ट सूर निघत नाही, नाद निघतो. तबला आणि मृदंग यांच्या पानावरची शाई हे प्रमाण पूर्णांकांच्या जवळ आणते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते. ढोलाला सुराची गरज नसते, म्हणून त्याला ही शाईही लागत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. तालमीहून घरी आलेल्या मुलाला आई हाक मारते आणि त्याला ती ऐकू येत नाही. कानात बारीक शिटी वाजत असते. सकाळपर्यंत सारे ठीक होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर त्यांच्यामुळे होते. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. २००९ मध्ये उंदरांवरील एका संशोधनात असे दिसले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची चाचणी पुन्हा पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातील पुष्कळ जोडण्या कायमच्या तुटलेल्या होत्या. तेव्हा सकाळी ठीक वाटले म्हणजे ठीक झाले, असे धरून चालता येत नाही.

किती आवाज किती वेळ चालतो, याचा अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेला हिशेब असा: ८५ डेसिबेल असेल तर दिवसाला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे! ढोल-ताशांच्या रांगेत आवाज १०० डेसिबेलच्या वर जाणे अवघड नाही, आणि तालीम चालते दोन-दोन तास.

यात ढोलापेक्षा ताशा अधिक घातक, हे ऐकून आश्चर्य वाटेल. आपली कर्णनलिका म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद झालेली नळी. अशा नळीत अनुनाद होतो तो नळीच्या चौपट तरंगलांबीला, म्हणजे १० सेंटिमीटरला. ३४६ मीटर भागिले ०.१ मीटर केले की येतात सेकंदाला जवळजवळ ३५०० कंपने. ताशाच्या कडकडाटात या पट्ट्यातले आवाज भरपूर असतात आणि कान ते आणखी मोठे करून आत पोहोचवतो. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा आधी ४००० कंपनांच्या आसपास दिसतो, तो याचमुळे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आखडून थोडे संरक्षण देतो खरा, पण त्याला आखडायला एक-दशांश सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो. तोवर ताशाची काडी पडून गेलेली असते!

उपाय साधा आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे बोळे कानात नीट बसवले आणि त्यांनी १५ डेसिबेल जरी कमी केले, तरी १०० चे ८५ होतात आणि १५ मिनिटांचे ८ तास. साध्या कापसाचा उपयोग फारच थोडा. "बोळे घातले तर ताल कसा कळणार?" असे मुले विचारतात. डोळ्यांनी वाजवायचे, हे आपण वर पाहिलेच की.

आवाजाचा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील ढोल-ताशा पथकांत ३० पेक्षा जास्त जण नसावेत असे बंधन घातले, आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोणाचे बरोबर, यात येथे शिरायचे नाही. गणित मात्र करून पाहण्याजोगे आहे. ६० ढोलांचे ३० केले तर आवाज कमी होतो अवघा ३ डेसिबेल. डेसिबेल ही मोजणी लॉगॅरिदमची असल्यामुळे असे होते. उलट मोकळ्या जागेत वाद्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर सुमारे ६ डेसिबेल कमी होतात. म्हणून तालमीची जागा वस्तीपासून किती दूर आहे, याला वादकांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्व द्यावे असे मला वाटते. आपल्याकडच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबेलची मर्यादा आहे.

शेवटी तुमच्या शाळेच्या मैदानावर करण्याजोगा एक प्रयोग. मोठ्या सपाट भिंतीपासून ४३ मीटर मोजून उभे राहा आणि टाळी वाजवा. प्रतिध्वनी ऐकू येईल. आता एकसारख्या टाळ्या वाजवत जा आणि वेग असा जुळवा, की प्रत्येक प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडेल. ताल जमला की मित्राला ५० टाळ्यांचा वेळ घड्याळावर मोजायला सांगा. पहिल्या टाळीला 'शून्य' म्हणायचे, 'एक' नव्हे. एका टाळीचा वेळ काढा. भिंतीपर्यंतच्या अंतराची चौपट करून तिला या वेळेने भागले की आवाजाचा वेग मिळतो. मिनिटाला साधारण १२० टाळ्या पडल्या तर तुमचे उत्तर ३४४ च्या आसपास येईल. हवेचे तापमान वहीत लिहायला विसरू नका. १२ अंशांच्या डिसेंबरातल्या सकाळी आणि ४० अंशांच्या मेमधल्या दुपारी हाच प्रयोग केलात, तर दोन उत्तरांत सुमारे १७ मीटरचा फरक पडायला हवा.