पहाऱ्यावरचा इतिहासकार

कादंबरीसारखा खाली ठेववणार नाही असा इतिहास हवा, असं म्हणणाऱ्या नगरकरानं आधी आपल्याच किल्ल्यात डोकवावं. १५८८ साली मुर्तझा निजामशहाला त्याच्याच मुलानं, मीरान हुसेननं, मारलं. त्याआधी बापानं पोराच्या बिछान्याला आग लावून पाहिली होती. पोरगा वाचला, दौलताबादेला पोचला आणि सरदारांच्या मदतीनं परत आला. मग बापाला हमामखान्यात कोंडून, दारं-खिडक्या बंद करून खाली जाळ पेटवण्यात आला.

त्या वेळी राजवाड्याच्या पहाऱ्यावर मुहम्मद कासिम नावाचा तरुण होता. बाकीचे पहारेकरी राजपुत्राला जाऊन मिळाले. कासिमचीही मान उडायची, पण राजपुत्रानं त्याला ओळखलं. दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. गुरू म्हणजे कासिमचे वडील. तो वाचला. वर्षभरात मीरान हुसेनही मारला गेला, नगरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली आणि १५८९मध्ये कासिमनं विजापूर गाठलं. तिथं इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयानं त्यानं फारसीत हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. हा कासिम म्हणजेच फेरिश्ता. जॉन ब्रिग्जनं केलेला त्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद १८२९मध्ये चार खंडांत निघाला.

त्यातला नगरच्या किल्ल्याचा १५९६चा वेढा वाचताना श्वास रोखला जातो. मुघल शहजादा मुरादच्या फौजेनं तटाखाली सुरुंग खणलेले. मुघल छावणीतल्याच ख्वाजा मुहम्मद खान शिराजीला आतल्या लोकांची दया आली आणि रात्री त्यानं खबर पोचवली. किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीच्या माणसांनी आतून उलटं खणत दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यातली दारू उपसत असतानाच बत्ती लागली आणि तटाला भगदाड पडलं. तोंडावर बुरखा, अंगात चिलखत, हातात नागवी तलवार घेऊन चांदबीबी तिथं उभी राहिली. रात्रीतून तट पुन्हा उभा करण्यात आला. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला.

अशा मजकुरापुढे सजग वाचकानं एक प्रश्न धरून ठेवावा: हे सांगतंय कोण? फेरिश्ता तेव्हा विजापुरात होता. त्याचा आश्रयदाता इब्राहिम हा चांदबीबीच्या नवऱ्याचा पुतण्या, आणि लहानपणी त्याच्या वतीनं तिनंच कारभार पाहिलेला. तेव्हा कौतुकात दरबारी रंग असणारच. त्याच्या जोडीला निजामशाहीच्या पदरी असलेल्या सय्यद अली तबातबाचा 'बुऱ्हान-ए-मासिर' ठेवावा. तो वेढ्यानंतर लगेच, १५९६मध्येच संपतो. चार वर्षांनी, १६००मध्ये, फितुरीच्या संशयावरून आपलेच लोक चांदबीबीचा जीव घेतील, हे या लेखकाला ठाऊक नाही. शेवट माहीत नसलेल्या माणसाचं कथन वाचण्यात जी हुरहूर आहे, ती कोणत्याही कादंबरीकाराला योजून आणता येणार नाही.

साक्ष तपासायची सवय नसली की काय होतं, ते शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर दिसतं. सगळं गाव ज्याला चांदबीबी महाल म्हणतं, ती अष्टकोनी इमारत मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे.

सुरुवात कुठून करावी? फार संदर्भांना बिचकणाऱ्यानं मनू पिल्लई यांचं 'रिबेल सुलतान्स' घ्यावं. दख्खनच्या सुलतानांवरचं हे पुस्तक एका बैठकीत संपतं. पुढची पायरी रिचर्ड ईटन यांची. दख्खनच्या सामाजिक इतिहासावरच्या त्यांच्या पुस्तकात आठ माणसांच्या आयुष्यांतून साडेचार शतकं उलगडतात. मलिक अंबर त्यातलाच एक. १६२४मध्ये त्यानं नगरजवळच्या भातवडीला तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीकडे सोडलं आणि लढाई फिरवली. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले.

मराठीत वाचायचं तर विश्वास पाटील यांची 'पानिपत' कादंबरी झाल्यावर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' उघडावं. लढाईचा शेवट ठाऊक असूनही शेजवलकरांचा युक्तिवाद पुढं पुढं वाचायला लावतो. आणि १८५८च्या झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' तर अजिबात चुकवू नये. द्रव्य मिळवायला निघालेल्या या भटजींना शौर्याची ऐट नाही, स्वतःची भीती ते लपवत नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर भरवसा बसतो.

कादंबरीत जीव मुठीत धरून पळणारा वाचतो की नाही, हे लेखक ठरवतो. या पुस्तकांत तो वाचला म्हणूनच पुस्तक आपल्या हाती आलं आहे.