खाडीचें भांडवल

मुंबईहून पनवेलकडे जाणारी आगगाडी वाशीची खाडी ओलांडूं लागली म्हणजे चिखलांत उभी असलेली हिरवी, दाट झाडी दृष्टीस पडते. शहरांतील प्रवासी तिला बहुधा पडीक जागेंतील झुडूप समजतो. किनाऱ्यावरील कोळी व आगरी कुटुंबें मात्र या कांदळवनास पिढ्यान् पिढ्या ओळखतात. त्यांचा चरितार्थ त्याच्याशीं बांधलेला आहे.

तिवर, चिपी, कांदळ हे या वनांतील प्रमुख वृक्ष. खाऱ्या चिखलांत हवा खेळत नाहीं. म्हणून तिवराचीं मुळें खुंट्यांसारखीं वर येऊन श्वास घेतात. त्यांच्या जाळ्यांत झडलेलीं पानें अडकून कुजतात. त्या पाल्यावर सूक्ष्म जीव पोसतात व त्या जीवांवर मासळीचीं पिल्लें. कोळंबीच्या कित्येक जाती अंडीं घालतात समुद्रांत. परंतु त्यांचीं पिल्लें भरतीबरोबर खाडींत शिरून या मुळांच्या आडोशानें वाढतात व मोठीं झालीं म्हणजे समुद्रांत परततात.

म्हणजे या वनाचें पीक एका ठिकाणीं वाढतें आणि दुसऱ्या ठिकाणीं जाळ्यांत येतें. त्यामुळें त्याचें मोल जमाखर्चांत दिसत नाहीं. झाडी तुटली म्हणजे पहिला फटका बसतो तो ओहोटीच्या वेळीं तिसऱ्या, निवट्या व चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या स्त्रियांस. कारण त्यांच्यापाशीं दूर समुद्रांत जाणारी होडी नसते.

शेतकऱ्याचाही या वनाशीं संबंध आहे. रायगड जिल्ह्यांत खारबंदिस्तीच्या बांधाआड भात पिकतें. बांधापुढील झाडी लाटांचा जोर मोडते. ती नाहींशी झाली कीं उधाणाचें पाणी थेट बांधावर आदळतें, आणि एकदां तें शेतांत शिरलें म्हणजे जमिनींतील मीठ पावसानें धुवून निघेपर्यंत पीक हातीं लागत नाहीं. उलट, फुटलेला बांध वेळेवर दुरुस्त न झाल्यास तिवर शेतांतच रुजतो. मग कायद्यानें संरक्षिलेलें झाड तोडतां येत नाहीं व शेतकरी पेंचांत सांपडतो. कांदळवन राखावयाचें तर बांधही राखले पाहिजेत.

मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, आणि २०१८ सालीं त्यांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. २०१२ सालीं राज्याच्या वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१७ सालापासून किनाऱ्यावरील गांवांतील गटांस चिंबोऱ्या, जिताडा व कालवें यांच्या संवर्धनासाठीं साहाय्य मिळूं लागलें. वेंगुर्ल्यास स्त्रियांचा एक गट पाहुण्यांस होडींतून कांदळवन दाखवून अर्थार्जन करूं लागला. २०२३ च्या भारतीय वनस्थिति अहवालांत महाराष्ट्रांतील कांदळवनाचें क्षेत्र सुमारें ३१५ चौरस किलोमीटर नोंदलें आहे.

मनाईहुकुमानें झाड वांचतें. पण त्याची राखण मुख्यतः खाडीकांठचे लोकच करूं शकतात, आणि ती ते करतील ती त्यावर पोट भरतें तोंवरच. व्याजावर निर्वाह करणारें कुटुंब मुद्दलास हात लावीत नाहीं, हा शहाणपणा शहरांतील प्रत्येक घरास ठाऊक आहे. बाजारांतून कोळंबी आणणाऱ्या घरानें खाडीच्या बाबतींतही तोच हिशेब मांडावा.