डब्यातली मेथी, बादलीतली मिरची

पावसाळ्यात मेथीची जुडी महागली की वस्तीतल्या ताटातून सगळ्यात आधी पालेभाजी जाते. बटाटा राहतो, डाळ पातळ होऊन का होईना राहते, पाला मात्र जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हेच प्रमाण जवळपास ६९ टक्के होते. म्हणून या वेळी आम्ही डब्या-बादल्यांबद्दल लिहीत आहोत.

आधीच सांगून टाकतो, चार डब्यांत घराची भाजी पिकत नाही. आठवड्यातून एक-दोनदा मूठभर पाला, रोजच्या दोन हिरव्या मिरच्या आणि वरणावर टाकायला कोथिंबीर, एवढेच मिळेल. पण जिथे पाला अजिबातच नसतो तिथे ती मूठही मोलाची आहे.

सुरुवात उन्हापासून करावी. दाराशी, खिडकीत किंवा स्लॅबवर ऊन किती तास येते ते दोन-तीन दिवस बघा. मिरची, टोमॅटो, वांगी यांना निदान पाच-सहा तास ऊन लागते. अरुंद गल्लीत दोन-तीन तासच येत असेल तर मिरचीचा हट्ट सोडावा आणि पुदिना, कोथिंबीर, मायाळू लावावी. मायाळूची काडी खोचली तरी जगते आणि दोरीवर चढते, त्यामुळे जागाही खात नाही. आमच्या मते वस्तीतल्या घराला यासारखी सोयीची भाजी दुसरी नाही. मेथी घरातल्याच दाण्यांची पेरावी. सहा इंच खोल पाटी पुरते आणि तीन-चार आठवड्यांत ती कापायला येते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करून टाकावेत.

भांडे कोणते घ्यायचे, इथे आरोग्याचा खरा प्रश्न येतो. तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा खोका, धुतलेली सिमेंटची गोणी, हे सगळे चालते. कारखान्यातून आलेला रसायनाचा ड्रम किंवा कीटकनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला तरी नको. जुन्या रंगाचे डबेही नकोत, कारण जुन्या रंगांत शिसे असायचे. मातीचेही तेच. नाल्याकाठची, गॅरेजमागची, भंगार किंवा बॅटऱ्या फोडतात तिथली माती फुकट मिळते म्हणून आणू नये. तिच्यात शिसे असू शकते. ते पाल्यावरच्या धुळीतून आणि पोरांच्या मातकट हातांवरून पोटात जाते आणि लहानग्यांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरते. अळूही गटाराच्या पाण्यावर वाढवू नये, मग ते कितीही जोमात दिसो.

निम्मी चांगली माती, तेवढ्याला थोडे कमी कुजलेले शेणखत आणि उरलेल्या जागेत नारळाच्या भिजवलेल्या शेंड्या, असे मिश्रण हलके राहते. काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. तळाला चार-पाच भोके हवीतच. भरलेला, पाणी घातलेला १५ लिटरचा डबा २० किलोच्या आसपास जातो. तेव्हा घराच्या पत्र्यावर डबे चढवू नका आणि गल्लीवर लोंबकळेल अशा कठड्यावरही ठेवू नका. उन्हात पत्र्याचा डबा तापून मुळे भाजतात, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे.

आता मिरची. एका रोपाला आठ-दहा लिटरची बादली पुरते. बी पसरट भांड्यात टाकावे, आठ-दहा दिवसांत उगवते. पाच-सहा आठवड्यांचे रोप झाले की बादलीत लावावे. पंत सी-१ किंवा राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती यांचे बी मिळाले तर उत्तम. कडक उन्हाळ्यात फुले गळतात, तेव्हा दुपारी जुन्या साडीची सावली करावी. पाने आकसून वर वळू लागली तर तो बोकड्या. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, गाळा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. फार आकसलेले झाड उपटून टाकलेले बरे. दुकानातले औषध दाराशी फवारू नये, तिथेच पोरे खेळतात.

पाणी रोज ठरवून घालायचे नाही. बोट मातीत खुपसावे, कोरडे लागले तरच घालावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले तर डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. ताटलीत वाळू भरा, नाहीतर आठवड्याला एकदा ती घासून कोरडी करा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

खाण्याबद्दल थोडेसे. पाल्यातले लोह अंगी लागायला आंबट लागते, म्हणून भाजीवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासभर लांब ठेवावा. तिखट मिरचीच्या बियांत नव्हे, तर बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत जास्त असते. ती काढली की मुलांनाही सोसते. जीभ भाजली तर पाण्याने फरक पडत नाही, दही द्यावे.

आशाताईंनी दिलेल्या गोळ्या भाजी सुरू केली म्हणून बंद करू नयेत. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलही आढळतो. त्यातला अशक्तपणा लोहाच्या कमतरतेचा नसतो. थकवा, सांधेदुखी, डोळ्यांना पिवळेपणा असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे आणि लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पुढच्या हंगामासाठी चांगल्या झाडावरच्या दोन-तीन मिरच्या लाल होऊ द्या, सावलीत वाळवा आणि बी राखेत घोळवून डबीत ठेवा. पेरताना पाच-दहा दाणे जास्त टाका, शेजारीण रोप मागायला येणारच.