आतून रीबूट केला आणि सर्व्हर अडकला? घाई करू नका, आधी कन्सोल बघा

आज अनेक शाळा, संस्था आणि छोटे दुकानदार वेबसाइटसाठी भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर वापरतात. अपडेट झाल्यावर आतून रीबूटची कमांड दिली जाते, लॉगिन तुटतं आणि सर्व्हर काही परत येत नाही. मग घाबरून पॅनेलवरून तो जबरदस्तीने बंद-चालू केला जातो. पण हे चालू कॉम्प्युटरचा प्लग ओढण्यासारखंच आहे. डेटाबेसमध्ये त्याच वेळी काही लिहिलं जात असेल, तर प्रवेश अर्ज, हिशेब यांची माहिती खराब होऊ शकते.

म्हणून आधी पॅनेलमधला कन्सोल उघडा. नेटवर्क बंद असलं तरी सर्व्हरची स्क्रीन तिथे दिसते. लिनक्स सर्व्हर साधारण तीन ठिकाणी अडकतो.

पहिलं, बंद होताना. एखादी सर्व्हिस थांबत नसेल तर सिस्टमडी तिची वाट बघतं. मूळ सेटिंग 90 सेकंदांची असते, त्यामुळे दोन-चार मिनिटं थांबा. नेटवर्कवरची डिस्क जोडलेली असेल आणि नेटवर्क आधीच बंद झालं, तर मात्र हे थांबणं खूप लांबू शकतं.

दुसरं, अगदी शेवटी. 'रीस्टार्टिंग सिस्टम' ही ओळ येते आणि पुढे सगळं ठप्प. इथे डिस्क सहसा व्यवस्थित बंद झालेली असते, त्यामुळे पॅनेलवरून रीसेट करण्यात धोका कमी. असं दर वेळी होत असेल, तर कर्नलची रीसेट करण्याची पद्धत बदलून बघता येते. तोपर्यंत आतून शटडाउन करा आणि पॅनेलवरून चालू करा.

तिसरं, वर येताना. एफएसटॅब फाइलमध्ये काढून टाकलेल्या डिस्कची नोंद राहिली असेल, तर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागतो. ती नोंद काढा. जी डिस्क नसली तरी चालेल, तिच्यापुढे 'नोफेल' लिहा.

आणखी एक गोष्ट. केव्हीएमवर आतून रीबूट केलं तरी बाहेरची क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते. म्हणून पॅनेलमध्ये रॅम वाढवली असेल, तर पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय ती बऱ्याचदा लागू होत नाही.

रीबूटआधी बॅकअप घ्या. सर्व्हर अडकलाच, तर रीसेटपूर्वी स्क्रीनचा फोटो काढा. शेवटची ओळ दिसली, की सपोर्टवाल्यांचं निम्मं काम सोपं होतं.